राज्याचा खांब आणि वऱ्हाडची रयत

(चिखलदरा येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिखलदऱ्याच्या पठारावरून गाविलगड अगदी जवळ आहे. येथे येणारा प्रवासी बहुधा दऱ्या पाहतो, भीमाने कीचकाला ज्या दरीत लोटले असे सांगतात तिची कथा ऐकतो आणि वेळ उरलाच तर गडाकडे वळतो. गडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह कोरलेले आहेत आणि त्यांच्याजवळ हत्ती पकडलेला दोन मुखांचा गंडभेरुंड आहे. हा पक्षी दक्षिणेतला, कर्नाटकातील राजवटींच्या चिन्हांतला. बहमनी सुलतानाच्या एका मुसलमान सुभेदाराच्या दरवाजावर तो कसा येऊन बसला, हा प्रश्न फारच थोड्यांना पडतो. त्या सुभेदाराचे नाव फतहुल्ला आणि त्याची पदवी इमाद-उल्-मुल्क. इमाद म्हणजे खांब, आधार. मुल्क म्हणजे राज्य. राज्याचा आधारस्तंभ असा पदवीचा अर्थ.

ही पदवी धारण करणारा वऱ्हाडात तो पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हता. सुमारे सहा शतके हे नाव दिल्ली, बिदर, अहमदाबाद, हैदराबाद अशा दरबारांत फिरत राहिले आणि फिरता फिरता पुन्हा पुन्हा वऱ्हाडाशी येऊन भिडले. एका पदवीचा हा प्रवास सांगण्याचा हेतू दरबारी कुतूहल शमविण्याचा नाही. वऱ्हाडची काळी जमीन कोणाची आणि तिच्या वसुलाचा निर्णय कोठे होतो, हा प्रश्न या नावाच्या मागे लागून फार स्पष्ट दिसतो.

पहिला इमाद-उल्-मुल्क चौदाव्या शतकातला. महंमद तुघलकाने दक्षिणेचा कारभार वाटून दिला तेव्हा वऱ्हाडावर इमाद-उल्-मुल्क सरतेज याची नेमणूक झाली. त्याचे ठाणे एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. दिल्लीच्या दृष्टीने दक्षिण ही जिंकलेली वसाहत होती आणि वसूल पुरेसा येत नाही म्हणून जुने अंमलदार काढून कडक माणसे पाठविण्याचे धोरण सुलतानाने धरले होते. सरतेज कडक होता याबद्दल वाद नाही. इब्न बतूता सिंधमध्ये आला तेव्हा हाच सरतेज तेथे सुलतानाचा सुभेदार होता. सेहवानचे बंड त्याने चाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर मोडले, अभय मागून शरण आलेल्यांना दिलेला शब्द मोडला, आणि त्यांच्यातील अनेकांची कातडी सोलून, पेंढा भरून तटावर टांगली. इब्न बतूता उन्हाळ्यामुळे तेथील मदरशाच्या गच्चीवर झोपत असे. रात्री जाग आली की ती कातडी समोर दिसत. अखेर त्याने मुक्काम हलविला. प्रवाशाला मुक्काम हलविता येतो. तीच व्यक्ती पुढे ज्यांच्यावर सुभेदार म्हणून आली त्या वऱ्हाडच्या रयतेला ती सोय नव्हती.

दक्षिणेतील अमीरांनी १३४६-४७ मध्ये बंड केले तेव्हा सरतेज एलिचपूर सोडून नंदुरबारकडे हटला. नंतर सुलतानाने त्याला बंडवाल्यांच्या पाठलागावर पाठविले आणि १३४७ मध्ये बिदरजवळच्या लढाईत हसन गंगूच्या सैन्याने त्याला ठार केले. त्याच वर्षी हसन बहमनी राज्याचा पहिला सुलतान झाला. म्हणजे दक्षिणेतील पहिली स्वतंत्र मुसलमानी सत्ता ज्यांच्या पाडावातून उभी राहिली त्यांत वऱ्हाडचा सुभेदार होता. खांब पडला, पण पदवी पडली नाही. बहमनी दरबाराने दिल्लीच्या इतर अनेक गोष्टींबरोबर तीही उचलली.

फतहुल्लाची हकीगत फिरिश्त्याने दिली आहे. तो मूळचा विजयनगर राज्यातील कानडी ब्राह्मण. लढाईत लहानपणीच पकडला गेला आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-इ-जहान याच्या पदरी गुलाम म्हणून वाढला. धन्याच्या मृत्यूनंतर तो सुलतानाच्या खास पथकात दाखल झाला आणि वजीर महमूद गवान याच्या मर्जीने वऱ्हाडचा सुभेदार व इमाद-उल्-मुल्क बनला. गुलामाचा सुभेदार होणे त्या काळी आश्चर्याचे नव्हते. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांत होते, माहूरचा खुदावंदखान हबशी होता. जन्माने दूर लोटलेली माणसे सत्तेच्या शिडीवर चढू शकत होती. शिडी कोठे टेकलेली होती हा प्रश्न मात्र वेगळा.

महमूद गवान हा असामान्य प्रशासक होता. त्याने जमीन मोजून घेतली, चार तरफांचे आठ भाग केले आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या माणसांकडे दिले. वऱ्हाडचेही दोन तुकडे झाले. गाविल फतहुल्लाकडे राहिला आणि माहूर खुदावंदखानाकडे गेला. या सुधारणांमुळे सरदार दुखावले गेले. गवानच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाशी फितुरी केल्याचे बनावट पत्र लिहिण्यात आले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाने या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. फतहुल्ला आणि खुदावंदखान यांनी त्यानंतर सुलतानाच्या छावणीत मिसळण्यास नकार दिला. ही कृतज्ञता होती की स्वतःच्या मानेची काळजी, ते सांगणे कठीण, बहुधा दोन्ही. तेथून बहमनी राज्य केवळ नावाला उरले.

येथे दोन बांधकामे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८६-८७ चा. त्यावरील लेखात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आहे. गाविलगडाची फतहुल्लाने केलेली पुनर्बांधणी १४८८ ची मानतात आणि तेथे गंडभेरुंड येतो. एकीकडे धन्याचे नाव दगडात कोरून निष्ठा दाखवायची, दुसरीकडे आपली तटबंदी पक्की करायची, असा हा काळ. १४९० च्या सुमारास जुन्नरच्या मलिक अहमदने पुढाकार घेतला. विजापूरचा युसुफ आदिलखान आणि फतहुल्ला यांनी त्याचे अनुकरण केले. खुतब्यात स्वतःचे नाव आले आणि इमाद-उल्-मुल्कचे घराणे इमादशाही झाले. नोकराच्या पदवीचे राजाचे नाव झाले.

गंडभेरुंडावरून पुष्कळांना भावनिक निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: फतहुल्ला विजयनगरला विसरला नव्हता, त्याच्या रक्तात जुना धर्म जिवंत होता, इत्यादी. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईत विजयनगरविरुद्धच्या युतीत वऱ्हाड सामील झाले नाही, हेही या मताच्या पुष्टीसाठी सांगितले जाते. वस्तुस्थिती अधिक रुक्ष आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने वऱ्हाडचा सेनापती जहांगीरखान याचा वध करविला होता. वऱ्हाड दूर राहिले ते त्या वैरामुळे. इतर सुलतान कृष्णेकाठी गुंतले असताना वऱ्हाडच्या तुफालखानाने निजामशाही मुलखावर हात मारून घेतला. धर्माच्या नावाने लिहिलेला इतिहास आणि रक्ताच्या नावाने लिहिलेला इतिहास, दोन्ही असल्या बारीक तपशिलापाशी अडखळतात.

पाथरीचे प्रकरण तर याहून बोलके आहे. पाथरी वऱ्हाडच्या ताब्यात होती आणि निजामशहांचे पूर्वज तेथले. बुऱ्हाण निजामशहाने ते वडिलोपार्जित गाव बदल्यात दुसरा मुलूख देऊन मागितले, अलाउद्दीन इमादशहाने नाकारले आणि १५१८ मध्ये निजामशहाने पाथरी जिंकून घेतली. पुढे ती वऱ्हाडने परत घेतली, पुन्हा गमावली. अलाउद्दीनने अखेर गुजरातच्या बहादूरशहाला मदतीस बोलाविले. एका कुळकर्ण्याच्या गावासाठी दोन राजे वर्षानुवर्षे लढले आणि त्यांच्या फौजांनी गोदावरीकाठची पिके तुडविली. ज्यांची पिके तुडविली गेली त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही तवारिखेत नाही.

घराण्याचा शेवटही तसाच झाला. तुफालखानाने बुऱ्हाण इमादशहाला नरनाळ्यावर कोंडून स्वतः राज्य चालविले. मुर्तजा निजामशहा ‘खऱ्या राजाची सुटका’ करण्याचे निमित्त करून वऱ्हाडात उतरला. १५७४ मध्ये नरनाळा पडला. सुटका करणाऱ्याने राजाला आणि त्याला कोंडणाऱ्याला दोघांनाही कैदेत टाकले आणि कैदेतच दोघांचा अंत झाला. वऱ्हाड निजामशाहीत गेले. वीस-बावीस वर्षांनी चांदबिबीच्या तहाने मोगलांकडे गेले.

नाव पुढे चालविण्याच्या दोन रीती जगात दिसतात: एक वंशाची, दुसरी नेमणुकीची. इमाद-उल्-मुल्क ही दुसऱ्या रीतीची कथा आहे. पहिल्या रीतीचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील जॉन विन्थ्रॉपकडे पाहता येईल. हा इंग्लंडच्या सफोक परगण्यातील जमीनदार आणि वकील, कट्टर प्युरिटन. १६३० मध्ये ‘आर्बेला’ जहाजातून तो मॅसॅच्युसेट्सला गेला आणि त्या वसाहतीचा गव्हर्नर झाला. नंतरही वारंवार निवडून आला. त्याचे अनुयायी राजाच्या व बिशपांच्या जाचातून सुटण्यासाठी समुद्र ओलांडून आले होते. तथापि नव्या भूमीवर मताचा अधिकार केवळ चर्चच्या सभासद पुरुषांना होता आणि लोकशाही ही विन्थ्रॉपच्या मते सर्वांत हीन राज्यपद्धती होती. त्याचा त्याच नावाचा मुलगा कनेक्टिकटचा गव्हर्नर झाला, नातूही झाला. अठराव्या शतकातला जॉन विन्थ्रॉप हार्वर्डमध्ये प्राध्यापक होता. १७६१ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी तो न्यूफाउंडलंडपर्यंत गेला. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट विन्थ्रॉप अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सभापती झाला. नाव वंशातून उतरत गेले आणि प्रत्येक पिढीत त्याला नवी प्रतिष्ठा चिकटत गेली.

या घराण्याच्या मुळाशी एक युक्तिवाद होता. विन्थ्रॉपचे म्हणणे असे की, तेथील मूळ रहिवासी जमिनीला कुंपण घालत नाहीत, तिच्यावर कायम वस्ती करीत नाहीत, गुरे पाळून तिची सुधारणा करीत नाहीत. म्हणून त्यांचा जमिनीवर केवळ निसर्गदत्त हक्क आहे, कायद्याचा नाही. त्यांच्यापुरती जमीन त्यांना सोडली की उरलेली इंग्रजांनी घेण्यास हरकत नाही. कुंपण नाही म्हणजे मालक नाही, हा सिद्धान्त मॅसॅच्युसेट्सपुरता राहिला नाही. चिखलदऱ्याला त्याची ओळख पुढे व्हायची होती.

पण आधी पदवीचा मागोवा. गुजरातच्या दरबारात एका इमाद-उल्-मुल्कने १५२६ मध्ये सुलतान सिकंदरला ठार केले आणि त्याच वर्षी बहादूरशहाने त्याला देहांत शासन दिले. त्या शाखेकडे अधिक वळण्याचे कारण नाही. वऱ्हाडच्या भूमीवर हे नाव पुन्हा आले ते १७२४ मध्ये. मुबारिझखान हा मध्य आशियातील बल्खहून आलेल्या कुटुंबातला, हैदराबादचा मोगल सुभेदार, पदवी इमाद-उल्-मुल्क. दिल्लीच्या महंमदशहाला निजाम-उल्-मुल्क नकोसा झाला होता. त्याने मुबारिझखानाला गुप्तपणे दख्खनची सुभेदारी देऊन निजामावर घातले. ऑक्टोबर १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे दोघांची गाठ पडली. बाजीरावाची फौज निजामाच्या बाजूस होती. मुबारिझखान आणि त्याचे दोन मुलगे पडले. निजामाने त्याचे शिर दिल्लीला पाठविले. सोबत बादशहाच्या विजयाबद्दल त्याचे अभिनंदन! गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवण्यात आले. लोकांनी मात्र साखरखेर्डा हेच नाव चालू ठेवले, ही गोष्ट येथे सहज नोंदवावी अशी आहे.

हैदराबाद संस्थानाच्या नव्हे, तर अर्ध्या दख्खनच्या सत्तेचा पाया या एका लढाईत घातला गेला आणि तो वऱ्हाडच्या शेतांत घातला गेला. त्यानंतर वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दोअंमल सुरू झाला. एकाच शेताच्या वसुलावर दोन सरकारांचा हक्क आणि दोघांचे कमाविसदार. महाराष्ट्रातील इतिहासलेखनात भोसल्यांच्या स्वाऱ्यांचे वर्णन अभिमानाने होते. दोअंमलात कुणब्याच्या खळ्यावर काय उरत होते, त्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

इतिहासाला उपरोध आवडतो असे म्हणण्याची वेळ पुढच्या नावाशी येते. ज्या निजामाने इमाद-उल्-मुल्कला मारले, त्याच्याच नातवाला ही पदवी मिळाली. त्याचे बाप गाझीउद्दीन १७५२ मध्ये दख्खनच्या सुभेदारीसाठी मराठ्यांच्या पाठिंब्यावर औरंगाबादेस आले आणि तेथे विषप्रयोगाने मेले. त्यानंतर भालकीच्या तहाने सलाबतजंगाने तापी-गोदावरीमधला वऱ्हाडच्या पश्चिमेचा मुलूख पेशव्यांना दिला. दिल्लीत राहिलेला कोवळा मुलगा गाझीउद्दीन इमाद-उल्-मुल्क मराठ्यांच्या बळावर १७५४ मध्ये अठराव्या वर्षी वजीर झाला. त्याने अहमदशहा बादशहाला पदच्युत करून त्याचे डोळे काढविले, दुसऱ्या आलमगिराला गादीवर बसविले आणि १७५९ मध्ये फिरोजशहा कोटल्यात त्याचाही खून करविला. पानिपताच्या आधीची दिल्ली ज्यांनी पोखरली त्यांत हा राज्याचा खांब अग्रभागी होता. नंतर तो देशोधडीला लागला आणि १८०० मध्ये काल्पीस मेला.

तिकडे त्याचा अंत झाला आणि इकडे गाविलगडाचाही काळ भरत आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गड घेतला. तोफा लबाद्याच्या बाजूने आणण्यासाठी डोंगरातून वाट पाडावी लागली. किल्लेदार बेनीसिंह आणि शेकडो शिबंदी कापली गेली. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांकडून इंग्रजांनी घेतले आणि निजामाला दिले. वेलस्लीचे पुढचे नाव वेलिंग्टन. न्यूझीलंडच्या राजधानीला ते आहे. बेनीसिंहाचे नाव गडाबाहेर कोणाला ठाऊक नाही. १८५८ मध्ये, तात्या टोपे या बाजूस आलाच तर त्याला आश्रय मिळू नये म्हणून, इंग्रजांनी गडाची तटबंदी निकामी केली.

निजामाच्या हाती आलेले वऱ्हाड निजामाने सावकारांच्या हाती दिले. पूरणमल नावाच्या हैदराबादी सावकाराने बराच मुलूख इजाऱ्याने घेतला. १८३९ मध्ये त्याला काढून पेस्तनजी आणि कंपनीला देण्यात आला. फौजेचे पगार थकले, कर्ज वाढले आणि १८५३ मध्ये ‘हैदराबाद कॉन्टिंजंट’च्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे तारण म्हणून गेले. तारण ठेवायची वस्तू म्हणजे माणसांसकट एक प्रांत. सालारजंगाने ते सोडविण्यासाठी उरलेले आयुष्य खर्च केले. त्यांचे खासगी चिटणीस सय्यद हुसेन बिलग्रामी यांची पदवी, योगायोगाने, इमाद-उल्-मुल्क.

या इमाद-उल्-मुल्कबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. बिलग्रामी १८४२ मध्ये जन्मले. लखनौच्या कॅनिंग कॉलेजातील प्राध्यापकी सोडून हैदराबादेस आले, शिक्षणखात्याचे संचालक झाले, आसफिया ग्रंथालयाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. याच पदवीचा पहिला धनी कातड्यांत पेंढा भरीत होता, शेवटचा ग्रंथ जमवीत होता; हा फरक लहान नाही. तरीही १९०६ मध्ये व्हाइसरॉयकडे गेलेल्या सिमला शिष्टमंडळाच्या निवेदनाच्या मसुद्यात त्यांचा प्रमुख हात होता आणि स्वतंत्र मतदारसंघांची मागणी त्यातून पुढे आली. १९०७ मध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर जे पहिले दोन भारतीय नेमले गेले त्यांत ते होते. सरतेज दिल्लीच्या सुलतानाने नेमला, बिलग्रामी लंडनच्या मंत्र्याने नेमले. नेमणारा बदलला, वऱ्हाडच्या शेतकऱ्याला विचारण्याची पद्धत दोन्ही वेळी नव्हती.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने. कापसाच्या प्रांताचे हे भाडे. १९२० नंतर निजामाने तो परत मागितला, तेव्हा लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या प्रसिद्ध पत्राने ब्रिटिश सार्वभौमत्व कोणाशीही बरोबरीने बोलत नाही असे बजावले. वऱ्हाडातील लोकमत निजामाकडे परत जाण्याविरुद्ध होते. पण पत्रव्यवहार दोन मालकांचा होता, त्यात कुळांना स्थान नव्हते. अखेर १९३६ च्या करारात निजामाचे समाधान नावाने करण्यात आले. तो ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ झाला आणि त्याचा थोरला मुलगा आझमजाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’. या राजपुत्राने वऱ्हाडवर एक दिवसही राज्य केले नाही. १९६७ मध्ये निजामाच्या मृत्यूनंतर वारसा त्याला डावलून त्याच्या मुलाकडे गेला आणि १९७० मध्ये तो वारला. पूर्वी मनुष्य वऱ्हाडात येऊन पदवी मिळवीत असे. आता वऱ्हाडच पदवी होऊन एका माणसाच्या नावापुढे बसले होते.

दरबारांत हे चालले असताना चिखलदऱ्यात काय घडत होते? पुस्तके सांगतात की १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा ‘शोधून काढली’. कोरकूंचे पाडे आणि गवळ्यांची गुरे तेथे आधीपासून होती. गवळ्यांवरूनच गाविलगडाचे नाव आले असे सांगतात. पण कुंपण नव्हते, सातबारा नव्हता, म्हणून जागा रिकामी ठरली. विन्थ्रॉपचा सिद्धान्त येथे त्याचे नाव न घेता पोहोचला. १८६० च्या दशकात मेळघाटचे जंगल राखीव होऊ लागले. कोरकूंची फिरती शेती ‘नासधूस’ ठरली आणि हळूहळू बंद करण्यात आली. सागाचा हिशेब मात्र सरकारी वहीत पक्का राहिला. जंगलात राहणारा माणूस जंगलखात्याच्या परवानगीने राहणारा मजूर झाला.

स्वातंत्र्यानंतर वहीवरचे शीर्षक बदलले. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाचला पाहिजे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण वाघाच्या नावाने झालेल्या निर्णयात कोरकूंचा सहभाग किती, हे विचारलेच पाहिजे. १९९३ पासून मेळघाटचे नाव बालमृत्यूंसाठी देशभर ऐकू येऊ लागले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, समित्या आल्या, अहवाल झाले. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रकल्पाच्या गाभ्यातून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर हलविली गेली आणि नंतर इतरही गावे निघाली. उठणाऱ्या गावाची संमती घेतली जाते; ज्या गावात रस्ता, दवाखाना, रोजगार वर्षानुवर्षे पोहोचू दिला नाही, त्या गावाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत उपस्थित करण्यासारखा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने एक जुनी गोष्ट प्रथमच उलटविली. जंगलावरील हक्क सरकार देते असे तो म्हणत नाही. हक्क होताच, तो नोंदला गेला नाही हा ऐतिहासिक अन्याय होता, असे तो म्हणतो. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेल्या टेकड्यांवर गावाने झाडे लावली, चराई आवरली, सीताफळांच्या विक्रीचा हिशेब ग्रामसभेत मांडला. त्या हक्कपत्रावर कोणा सुभेदाराचे, इजारदाराचे वा राजपुत्राचे नाव नाही, ग्रामसभेचे आहे.

परंतु त्याच कायद्यात एक अट आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवाशाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, त्या जंगलात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मेळघाटचे गवळी अनुसूचित जमातीत नाहीत. ज्यांच्या नावाने हा गड सहाशे वर्षे ओळखला जातो असे सांगतात, त्या गवळ्याला त्याच गडाच्या पायथ्याशी आपले आजोबा गुरे चारीत होते हे कागदाने सिद्ध करावे लागते आणि कागद ज्या दफ्तरात असेल ते दफ्तर जंगलखात्याचे आहे.